आठशेची एकच 'टक्': पंचवीस वर्षांची गाडी, परभणीची थंडी आणि आरसीची मुदत

१५ डिसेंबर २०२४, रविवार, सकाळी साडेसात. किल्ली फिरवली तर बॉनेटखालून एकदाच 'टक्' झालं आणि गाडी गप्प. पुन्हा किल्ली, पुन्हा टक्. डॅशबोर्डवरचे दिवे मिणमिणले आणि परत उजळले. गाडी मारुती आठशे, कार्बोरेटरवाली (पेट्रोल-हवेचं मिश्रण करणारा जुना यांत्रिक भाग असलेली), नोंदणी १० जानेवारी २०००. दिवाळीत ३१ ऑक्टोबरला लावली, ती पंचेचाळीस दिवस जागची हलली नव्हती.

घाई होती ती आरसीची, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्राची. मुदत ९ जानेवारीला संपत होती. खासगी गाडीची नोंदणी पहिली पंधरा वर्षं चालते, मग दर पाच वर्षांनी नूतनीकरण, आणि त्यासाठी गाडी परिवहन कार्यालयात नेऊन दाखवावी लागते. अर्ज मुदतीआधीच्या साठ दिवसांत करता येतो. मुदत उलटली की मोटारकारला महिन्याला ५०० रुपये उशिराचे. हातात होते पंचवीस दिवस.

गल्लीत उघडं बॉनेट दिसलं की सल्लागार जमतातच. "चालू होईना गेलीय का?" "बॅटरी गेली बघा, थंडीत जातीच." परभणीची डिसेंबरातली थंडी काय चीज आहे हे इथल्यांना सांगायला नको; पारा पाच-सहा अंशांवर येतो, बॅटरीचा जोर घटतो आणि इंजिनातलं ऑइल दाट होतं. त्यामुळे सल्ला अगदीच चुकीचा नव्हता. ३५ अँपिअर-अवरच्या नव्या बॅटरीचा भाव विचारला तर जुनी परत देऊन ३,८०० रुपये. पैसे काढायला निघालोच होतो. पण नवी बसवूनही टक् राहिली तर काय, हा विचार आला आणि थांबलो.

आधी आवाज नीट ऐकायचा. किल्ली फिरवून काहीच आवाज आला नाही तर संशय किल्लीच्या स्विचवर, सोलेनॉइडच्या (सेल्फला, म्हणजे इंजिन फिरवून सुरू करणाऱ्या मोटरला, वीज जोडणाऱ्या स्विचच्या) बारीक वायरवर, नाहीतर पार मेलेल्या बॅटरीवर. भरभर टकटकटकटक झालं तर बॅटरी उतरलेली: सोलेनॉइड ओढतो, व्होल्टेज कोसळतं, तो सुटतो, व्होल्टेज सावरतं, तो पुन्हा ओढतो. एकच ठणठणीत टक् म्हणजे सोलेनॉइडला वीज मिळाली, पण सेल्फच्या मोटरला पुरेशी पोचली नाही. तिथे बॅटरी, जाड वायरी, सोलेनॉइडचे संपर्क, सेल्फचे कार्बन (मोटरच्या आतले ब्रश) यांपैकी कोणीही गुन्हेगार असू शकतो. आणि सेल्फ झकास फिरतो पण इंजिन धरत नाही, तर ही सगळी मंडळी सोडून द्यायची. मग प्रश्न ठिणगीचा नाहीतर पेट्रोलचा.

मल्टिमीटर घेतला, ३५० रुपये. एवढ्या कामाला साधा पुरतो. बॅटरीवर १२.०८ व्होल्ट. बारा व्होल्टची शिसे-आम्लाची बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर काही तास शांत ठेवल्यावर १२.६ च्या वर दाखवते, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी. माझी अर्ध्याच्याही खाली गेली होती. पण उतरलेली बॅटरी आणि गेलेली बॅटरी यांत फरक असतो, आणि दुकानात तो कोणी आपणहून सांगत नाही.

दहा नंबरच्या पान्याने आधी निगेटिव्ह काढली, मग पॉझिटिव्ह. हा क्रम उलटा केला आणि पॉझिटिव्ह सोडवताना पाना बॉडीला टेकला तर थेट शॉर्ट. निगेटिव्ह आधी सुटलेली असेल तर टेकला तरी काही होत नाही. लावताना पॉझिटिव्ह आधी. टर्मिनलवरची पांढरी-निळसर भुकटी खायच्या सोड्याच्या गरम पाण्याने धुतली. तीन खान्यांत पाणी कमी होतं. डिस्टिल वॉटरच घातलं, ३० रुपयांचा कॅन. इकडच्या बोअरच्या पाण्यातले क्षार किटलीत किती थर धरतात ते पाहिलं असेल तर ते बॅटरीत घालायची हिंमत होणार नाही. चार्जिंगला ८० रुपये. दुकानदाराला एकच सांगायचं: घाई करू नका. क्षमतेच्या दहाव्या हिश्शाने, म्हणजे ३५ च्या बॅटरीला साडेतीन अँपिअरने, रात्रभर. चार्ज होताना हायड्रोजन निघतो, म्हणून झाकणं सैल हवीत आणि आसपास विडी-काडी नको.

१७ तारखेला बॅटरी परत आली. हायड्रोमीटरवर (बॅटरीतल्या आम्लाची घनता मोजणाऱ्या नळीवर) सहाही खाने १.२६ च्या आसपास, एकमेकांत फारसा फरक नाही. एखादा खाना इतरांपेक्षा ०.०५ ने खाली असता तर बॅटरी बाद धरली असती. काही तास ठेवून मोजलं तर १२.६५. खुशीत बसवली, किल्ली फिरवली. टक्. मग अर्धवट 'घुर्रर्', आणि इंजिन अर्धा वेढा फिरून थांबलं. त्या घुर्ररने जरा निराशच झालो, कारण आता बॅटरीवर खापर फोडता येत नव्हतं.

अशा वेळी बरेच मेकॅनिक सेल्फ खोलतात. त्याआधी पाच मिनिटांची एक चाचणी असते, व्होल्टेज कुठे हरवतंय ते शोधायची. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, कॉइलला (प्लगच्या ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या भागाला) येणारी बारीक वायर काढून ठेवलेली, नाहीतर मध्येच इंजिन सुरू होऊन हात बेल्टमध्ये जायचा. एक माणूस किल्लीवर. मीटर २० व्होल्ट डीसीवर. सगळी मापं किल्ली फिरवलेली असतानाच घ्यायची. नुसत्या उभ्या गाडीत वीज वाहतच नाही, मग हरवणार काय? एका वेळी पाच-सात सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारायचा नाही आणि मध्ये अर्धा मिनिट थांबायचं, नाहीतर सेल्फ तापतो.

पहिलं माप बॅटरीच्या शिशाच्या दोन टोकांवर, क्लॅम्पवर नाही: ११.६ व्होल्ट. चांगलं. सेल्फ फिरताना बॅटरी ९.६ च्या खाली जाऊ नये, एवढीच अपेक्षा असते. दुसरं माप सेल्फचं जाड टर्मिनल आणि सेल्फचीच धातूची बॉडी यांच्यामध्ये: ७.९. म्हणजे बॅटरी ११.६ देते आणि सेल्फला ७.९ मिळतात. मधले ३.७ व्होल्ट वाटेत कुणीतरी खातंय. तिसरं माप बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक ते सेल्फचं टर्मिनल: ०.३. ही बाजू ठीक. चौथं बॅटरीचं निगेटिव्ह टोक ते इंजिनचा उघडा धातू: ३.४. इथे पाव व्होल्टसुद्धा जास्त म्हणायला हवा.

चोर सापडला होता, तो अर्थच्या वायरीत.

खरं तर त्याने आधीच खूण दिली होती, माझं लक्ष नव्हतं. दोन-तीनदा सेल्फ मारल्यावर चोकचं (थंड इंजिनाला जास्त पेट्रोलचं मिश्रण देणारं) बटण आत ढकलायला गेलो तेव्हा ते कोमट लागलं होतं. बॉनेटखाली तीच चोकची तार बोटांनी चाचपली तर चटका बसला. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणजे बॉडीपासून विजेच्या दृष्टीने जवळजवळ तुटलेलं. सेल्फची वीज परत बॅटरीकडे जायला जाड अर्थ वायर असते. ती वाट बंद झाली की वीज मिळेल त्या धातूतून जाते: चोकची तार, अॅक्सिलरेटरची तार. गवताच्या काडीएवढ्या तारेतून एवढी वीज गेली तर ती तापणारच. जुन्या गाडीत सेल्फ मारल्यावर या तारांना हात लावून बघावा, त्याला मीटरही लागत नाही.

खात्री करायला जंपर केबलची एक वायर बॅटरीच्या निगेटिव्हपासून थेट इंजिनच्या उघड्या बोल्टला लावली. किल्ली फिरवताच सेल्फ 'खरर्र' करून असा फिरला की किल्लीवरचा पोरगाच दचकला.

वायर सोडवली. बॅटरीकडचं टोक चकचकीत. गिअरबॉक्सकडच्या टोकाला ऑइल आणि मातीचा काळा गोळा बसलेला, बोल्टखाली गंज. आवरण ब्लेडने चार बोटं चिरलं तर आतलं तांबं हिरवं, बोटाने चोळलं की भुकटी. धड तारा उरल्या असतील दहा-बारा. बाहेरून मात्र वायर ठणठणीत, आणि वायर सलग आहे का तपासताना मीटरचा बीपही व्यवस्थित वाजतो! बीपवर विश्वास ठेवून बरेच जण इथेच फसतात. एक तार शाबूत असली तरी बीप वाजतो. हिशोब असा: सेल्फ सहज दीडशे अँपिअर ओढतो. ३.४ व्होल्ट भागिले १५० म्हणजे ०.०२३ ओहम. इतका बारीक रोध स्वस्त मीटर दाखवूच शकत नाही, पण सेल्फला तेवढा आडवा येतो. म्हणून जाड वायरी ओहमवर तपासायच्या नाहीत, वीज वाहत असताना व्होल्टवर तपासायच्या.

१८ तारखेला जिंतूर रस्त्यावरच्या ऑटो इलेक्ट्रिशियन चाचांकडे जुनी वायर घेऊन गेलो. त्यांनी ती दोन्ही हातांत धरून नुसती वाकवली, करकर आवाज ऐकला आणि म्हणाले, "बॅटरी कू हात नक्को लगाओ." माझ्या चार मापांचं काम त्यांच्या कानाने केलं. २५ चौरस मिमी तांब्याची नवी वायर, दोन्ही टोकांना दाबून बसवलेले लग (बोल्टखाली बसणारी धातूची टोकं), २२० रुपये. लग दाबूनच बसवून घ्या. नुसता डाक दिलेला असेल तर जास्त वीज गेली की डाक मऊ पडतो. गिअरबॉक्सवरची जागा पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासली, बोल्ट आवळला आणि मग वरून व्हॅसलीन. आधी व्हॅसलीन आणि मग बोल्ट, असं नाही. पुन्हा माप घेतलं: ३.४ चे ०.१५ झाले.

सेल्फ आता खणखणीत. इंजिन मात्र धरेना.

कामाचे दिवस मध्ये गेले. २२ तारखेच्या रविवारी दुपारी पुढचा अध्याय. आधी ठिणगी. एक प्लग काढून त्याच्या वायरीत बसवला, प्लगची धातूची बाजू इंजिनला टेकवली, वायर कोरड्या फडक्यातून पकडीने धरली आणि सेल्फ मारायला लावला. उघड्या प्लगच्या भोकाजवळ किंवा पेट्रोल सांडलेल्या जागी हे करायचं नाही, आणि हजारो व्होल्टचा झटका गमतीचा नसतो. ठिणगी निळी, कडकडीत. पिवळसर किंवा मरतुकडी असती तर प्लग, डिस्ट्रिब्युटरचं (प्लगना पाळीपाळीने वीज वाटणाऱ्या भागाचं) झाकण, रोटर, कॉइल या क्रमाने गेलो असतो. ज्या जुन्या गाड्यांत सीबी पॉइंट (कॉइलची वीज तोडून ठिणगी पाडणारा संपर्क) आहे तिथे आधी पॉइंट घासून गॅप ०.४ ते ०.५ मिमी करायचा. इथे गरज पडली नाही. तिन्ही प्लग कोरडे होते, पेट्रोलचा वाससुद्धा नाही. एवढा सेल्फ मारून प्लग कोरडा म्हणजे पेट्रोल पोचतच नाही. ओले आणि वासाचे असते तर उलटा आजार, फ्लडिंग, म्हणजे पेट्रोल जास्त होणं.

एअर फिल्टरचं झाकण काढून कार्बोरेटरच्या तोंडात टॉर्च मारला आणि अॅक्सिलरेटरचा दांडा हाताने ओढला. आत पेट्रोलची बारीक पिचकारी उडायला हवी. नाही उडाली. फ्लोट चेंबर, म्हणजे कार्बोरेटरमधली पेट्रोलची छोटी टाकी, कोरडा. दीड महिना उभ्या गाडीत तो उडून कोरडा होणं स्वाभाविक आहे, पण थांबत थांबत दहा-पंधरा सेकंद सेल्फ मारला की इंजिनवरचा डायफ्रामचा पंप तो भरतो. भरत नव्हता.

कार्बोरेटरला येणारी नळी काढून बाटलीत सोडली आणि सेल्फ मारला. बुडबुडे, थोडी थुंकी, पुन्हा बुडबुडे. पंप गेला असं म्हणून नवा आणायला इथे बरेच जण धावतात. आधी पंपाला चांगलं पेट्रोल देऊन बघायचं. पंपाच्या आत येणाऱ्या बाजूला नव्या नळीचा हातभर तुकडा लावला आणि त्याचं दुसरं टोक मोटारसायकलच्या टाकीतून काढलेल्या पेट्रोलच्या डब्यात बुडवलं. (पेट्रोलपंपावर प्लास्टिकच्या बाटलीत देत नाहीत, त्यामुळे ही सोय.) पंपाने दर ठोक्याला ठसठशीत धार मारली. पंप निर्दोष.

दोष निघाला पंपाआधीच्या रबरी नळीत. क्लिपच्या दातांखाली तिला नखाएवढी चीर होती. खाली पेट्रोलचा थेंब नाही, डाग नाही, मग ती कोणाच्या डोळ्यांत भरणार? पण ही बाजू ओढीची आहे. पंप इथून पेट्रोल खेचतो, आणि चीर असली की पेट्रोलऐवजी हवा खेचतो. पंपापुढची नळी फुटली तर गळते, पंपामागची फुटली तर गुपचूप हवा घेते. रबर पंचवीस वर्षांचं, वरून आता पेट्रोलमध्ये इथेनॉल, आणि त्या काळच्या रबराला ते मानवत नाही.

नळी पेट्रोलसाठीची जाळीदार रबरी घेतली, दोन क्लिपांसकट १३० रुपये. मापासाठी जुना तुकडा सोबत न्यायचा. हार्डवेअरच्या दुकानातली पारदर्शक प्लास्टिकची नळी स्वस्त पडते, पण काही महिन्यांत कडक होऊन तडकते. हात लागलाच होता म्हणून फिल्टरही बदलला, ६० रुपये. चौथ्या सेल्फला इंजिन खोकलं, पाचव्याला धरलं. सायलेन्सरमधून आधी पांढरा धूर, मग तो ओळखीचा तीन सिलिंडरांचा तडतडाट. शेजारच्या काकू बाहेर येऊन म्हणाल्या, "झाली बाई एकदाची!"

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा बोंब. सेल्फ फिरतोय, पेट्रोल आहे, ठिणगी आहे, इंजिन धरत नाही. दुपारी एका फटक्यात सुरू. थंडीत नाही आणि उन्हात हो, म्हणजे चोक.

चोकचं बटण पूर्ण ओढलं की कार्बोरेटरच्या तोंडावरची झडप पूर्ण मिटायला हवी, तेव्हा थंड इंजिनाला घट्ट मिश्रण मिळतं. माझी झडप जेमतेम अर्धी मिटत होती. बोटाने मिटवून सेल्फ मारला तर सकाळीही गाडी सुरू! तार काढून पाहिली तर मधोमध तिचं प्लास्टिकचं अस्तर वितळून तारेला चिकटलेलं. अर्थ नसताना सेल्फची वीज हिच्यातूनच गेली होती ना. पहिल्या बिघाडाने केलेला हा तिसरा बिघाड, आणि मी तीन दिवस टक्-टक् करत राहिलो नसतो तर कदाचित झालाही नसता. नवी चोक केबल परभणीत मिळाली नाही, नांदेडहून मागवावी लागली. १८० रुपये आणि चार दिवसांची वाट. बसवताना बटण पूर्ण आत असेल तेव्हा झडप अगदी उभी, उघडी हवी आणि तारेला दोन-तीन मिमी ढील हवी. थंडीत सुरू करताना चोक पूर्ण ओढायचा, अॅक्सिलरेटरला पाय लावायचा नाही, इंजिन धरलं की अर्धा आत, मिनिट-दोन मिनिटांत पूर्ण आत.

बॅटरी उतरलीच का, हे राहिलं होतं. इंजिन चालू असताना बॅटरीवर १४.१ व्होल्ट, म्हणजे आल्टरनेटर भरतोय, १३.८ ते १४.४ मध्ये असलं की पुरे. मग गाडी बंद करून, निगेटिव्ह सोडून मीटर दहा अँपिअरच्या भोकात लावून बॅटरीचं टोक आणि वायर यांच्या मध्ये जोडला. (मीटर असा असताना किल्ली फिरवायची नाही. मी फिरवली. मीटरचा फ्यूज, १० रुपये.) गळती निघाली २२ मिलिअँपिअर, टेपच्या घड्याळाची. बिघाड म्हणावा एवढी नाहीच. पण ०.०२२ गुणिले २४ गुणिले ४५ दिवस, जवळजवळ २४ अँपिअर-अवर. पस्तीसच्या बॅटरीतून चोवीस गेले, उरले अकरा. १२.०८ चा हिशोब साधारण जुळला. आता पंधरवड्याहून जास्त गाडी लावायची असेल तर मी निगेटिव्ह काढून ठेवतो.

३१ डिसेंबरला पीयूसी. एवढ्या जुन्या पेट्रोल गाडीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के, माझी १.९ आली. गाडी वीस मिनिटं चालवून, चोक पूर्ण आत आहे ना बघूनच जायचं, नाहीतर घट्ट मिश्रणामुळे चांगली गाडीही नापास होते. १२५ रुपये.

नूतनीकरणाचा अर्ज परिवहनच्या पोर्टलवर, नमुना २५. तेव्हा फी ५,००० रुपये, शिवाय पेट्रोल कारचा पाच वर्षांचा पर्यावरण कर ३,०००, आणि स्मार्ट कार्ड व टपालाचे वेगळे. मूळ आरसी, चालू विमा, पीयूसी, आधार, चासी नंबरची पेन्सिलने काढलेली छाप. चासी नंबरावरची काजळी घरीच फडक्याने पुसून ठेवा. तिथे रांगेत फडकं शोधायची वेळ येते. तारीख मिळाली ३ जानेवारी. निरीक्षकांनी चासी नंबर पडताळला, दिवे, इंडिकेटर, हॉर्न, वायपर, हँडब्रेक पाहिला आणि म्हणाले, "बंद करून परत चालू करा." इतक्या दिवसांत पहिल्यांदाच किल्ली फिरवताना तळहाताला घाम होता. अर्ध्या सेल्फला धरली.

दुरुस्तीचा खर्च मीटर धरून १,०६० रुपये. आरसीवर आता ९ जानेवारी २०३० आहे. तुमची गाडी वीस वर्षांच्या पुढची असेल तर फीचे आकडे माझ्यावरून धरू नका: ऑगस्ट २०२५ पासून अशा मोटारकारच्या नूतनीकरणाला १०,००० रुपये लागतात. उच्च सुरक्षा नंबरप्लेट त्याहून वेगळी, चारचाकीला ७४५ रुपये आणि वर जीएसटी.